वकीलसाहेबांची दीड वितीची मोटार

लखीरामने केलेली पहिली मोटार वकीलसाहेबांनी डाव्या हाताने पलंगावरून खाली लोटून दिली.

ती फरशीवर उताणी पडली. चार चाकं, म्हणजे औषधाच्या बाटल्यांची चार बुचं, थोडा वेळ हवेत फिरली आणि थांबली. लखीराम वाकला, ती उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली. साहेबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"त्यांना खेळणी आवडत नाहीत रे," साहेबांच्या पत्नी कौसल्याबाई दारातून म्हणाल्या. "परवा नातवाचा चावीचा हत्ती आणून ठेवला, तर तोही असाच फेकला. मला लहान मूल समजता का, असं असेल त्यांच्या मनात."

"खेळनं नाही बाईसाहेब. आपली डॉज हाय थे."

बाईंनी त्या पत्र्याच्या डब्याकडे पाहिलं, मग लखीरामकडे. "ही?"

लखीरामला लाज वाटली. सव्वीस सालची ती डॉज त्याने बावीस वर्षं चालवली होती. तिच्या पोटाखाली तो जितके तास पाठीवर पडून राहिला तितके स्वतःच्या घराच्या छपराखालीही राहिला नसेल. आणि तिला त्याने बिस्किटाच्या डब्यासारखी करून आणलं होतं. साहेबांनी ओळखलं नाही ते बरोबरच होतं. ओळखलं असतं तर उलट वाईट वाटलं असतं.

पांढरकवड्याच्या कोर्टात भगवानराव वकिलांचा आवाज बाहेरच्या लिंबाखाली बसलेल्या अशिलांना ऐकू यायचा असं लोक सांगत. एकसष्टच्या पावसाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. नुसती बोलायची नाही, दुसऱ्याचं बोललेलं समजण्याचीही. पाणी हवं का, असं बाई विचारत, तर ते परक्या मुलखातल्या माणसासारखे बघत राहत. मग एकदा बाईंनी सहज तांब्या पुढे धरला. साहेबांच्या डोळ्यांत ओळख आली आणि डावं बोट तांब्याकडे गेलं. तेव्हापासून त्या घरात सगळं वस्तू दाखवून चाले. दूध की चहा, पांघरूण की पंखा. शब्द आत जात नव्हते, वस्तू जात होत्या.

लखीराम महिन्या-पंधरा दिवसांनी भेटीला येई तेव्हा हे पाही. त्रेसष्ट सालच्या ज्येष्ठात एका दुपारी साहेबांनी दोन चपलांच्या जोडांतून आपला जोड बोटाने दाखवला, आणि लखीरामच्या मनात ती गोष्ट आली. त्याला साहेबांना एकच प्रश्न विचारायचा होता. सहा वर्षं तो प्रश्न त्याच्या तोंडात होता. आता तो वस्तूंनी विचारायचा, एवढंच.

सत्तावन सालच्या चैत्रात साहेब कळंबला चिंतामणीचं दर्शन घेऊन परत येत होते. खुशीत होते. रस्ता मोकळा, सकाळचं ऊन. "लखीराम, सरक रे. आज मी चालवतो," ते म्हणाले. त्यांच्याकडे लायसन नव्हतं. पण मोटार त्यांची होती, आणि याआधीही दोनदा माळावर त्यांनी चाक धरलं होतं. लखीराम सरकला. चार मैल त्यांनी बरी चालवली. लखीरामच्या तांड्याच्या अलीकडच्या वळणावर डोक्यावर मोळी घेतलेली मोतीबाई बाजाराकडे निघाली होती. तिने हॉर्न ऐकला आणि बाजूला व्हायला पाऊल उचललं. साहेबांनी ब्रेकच्या जागी दुसरंच पेडल दाबलं. डावं मडगार्ड लागलं. मोळी सुटून लाकडं रस्ताभर पसरली. मोतीबाई उठली नाही.

साहेबांचे हात चाकावरून सुटत नव्हते. लखीरामने ते एकेक बोट करून सोडवले. "साहेब, तिकडं सरका," तो म्हणाला, आणि स्वतः चाकामागे बसला.

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनीही नाही. यवतमाळच्या तुरुंगात आठ महिने तो या एका वाक्याचा विचार करत राहिला. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून निजामाच्या मुलखापर्यंत जायचा. वाटेत माल भिजो, बैल बसो, चोर पडोत, माल ज्याच्या हवाली केला त्याचाच जिम्मा. पावसाला दोष द्यायची रीत नव्हती. मोटार लखीरामच्या हवाली होती, साहेब त्याच्या हवाली होते, आणि चाक दुसऱ्याच्या हाती दिलं तेही त्यानेच. मोटार तूच चालवत होतास का, असं कोर्टात विचारलं तेव्हा त्याने 'हो' म्हटलं. कुणीही गोरमाटी, म्हणजे बंजारा माणूस, हेच करील, असं त्याला वाटलं होतं. आणि ते मानलं नाही ते गोरमाट्यांनीच.

कारण मोतीबाई काही माल नव्हती. ती तांड्यातल्याच धरमसिंगची आई होती. लखीरामच्या लग्नात तिने गाणी म्हटली होती.

सुटून आला त्या आठवड्यात तांड्याची नसाब बसली. नसाब म्हणजे पंचायत. तांड्याच्या नायकाच्या, खेमसिंगच्या, ओट्यावर लखीरामने पहिल्यांदा खरं सांगितलं.

"मी नव्हतो चाकावर. साहेब होते."

"कोर्टात तं हो म्हनला तू," धरमसिंग म्हणाला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर लखीरामला सोपं गेलं असतं.

"थे साहेबाले वाचवाले म्हनलो."

"मंग आता कोनाले वाचवून राह्यला?"

खेमसिंग नायक म्हातारा माणूस, हळू बोलायचा. त्याने निकाल दिला. "एका तोंडानं दोन गोष्टी आल्या. मी कोनती धरू? ज्यानं हाकली थ्याच्या तोंडून ऐकू. थो नाही आला तं आपन जाऊ थ्याच्या घरी. तवर लखीराम, तुही जागा रिकामी राहीन."

जागा रिकामी म्हणजे कुणी मारलं नाही, हाकललं नाही. फक्त होळीला त्याच्या बायकोला, हंसाबाईला, नाचायला कुणी बोलावलं नाही. लग्नाचं बोलावणं दारावरून पुढे जाई. श्रावणात तीज आली की तांड्यातल्या कुवाऱ्या मुली टोपल्यांत गहू पेरतात आणि त्या टोपल्या नायकाच्या दारात ठेवतात. त्यांत लखीरामच्या मुलीची, भुरीची, टोपली नसे. ती घरामागे फुटक्या माठात एकटीच गहू पेरायची आणि तांड्यातली गाणी लांबून ऐकून हळू आवाजात म्हणायची. आता ती पंधरा वर्षांची झाली होती. ज्या घराची टोपली नायकाच्या दारात नाही, त्या घरी सोयरीक कोण आणणार?

साहेबांनी नाही म्हटलं नव्हतं. "मी येतो तांड्यात. मी स्वतः सांगतो. वेळ येऊ दे," असं ते म्हणत. आधी कोर्टाची सुट्टी यायची होती, मग देवरावचं, त्यांच्या मुलाचं, लग्न व्हायचं होतं, मग निवडणूक. ते खोटं बोलत होते असं लखीरामला कधी वाटलं नाही. वेळ खरंच येणार होती. तिच्या आधी लकवा आला.

म्हणून ज्येष्ठात तो खेमसिंगकडे गेला आणि ओट्याखाली उभा राहून म्हणाला, "नायक, तोंडाचं नाही होत आता. बोटानं दाखवलं तं चालन काय?"

खेमसिंगने चिलीम खाली ठेवली. "बोट तं बोट," तो म्हणाला. "पन तीजेच्या आधी."

दुसरी मोटार करायला लखीराम बसला तेव्हा त्याच्याजवळ मूळ मोटार नव्हती. ती साठ सालीच देवरावने नागपूरच्या एका भंगारवाल्याला विकली होती. वकिलांच्या दिवाणखान्यात एक फोटो होता, पण त्यात साहेब आणि बाई मोटारीच्या पुढे उभे, मोटार निम्मी झाकलेली. उरलं लखीरामचं स्वतःचं अंग. पायफळी जमिनीपासून किती उंच ते त्याच्या नडगीला माहीत होतं. चाक छातीपासून किती दूर ते कोपरांना. लायसन गेल्यावर त्याने हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर पंक्चरची टपरी टाकली होती. तिथे खोक्यावर बसून तो डोळे मिटायचा आणि हवेत हात पसरून वितीने मोजायचा.

"काय लखीराम," ट्रकवाले हसत, "हवा मोजून राह्यला काय?"

"भरतो तं मोजा लागनच ना," तो म्हणे, आणि पुन्हा डोळे मिटे.

बारा बोटांची एक वीत होते. म्हणून त्याने ठरवलं, मोठ्या मोटारीची एक वीत ते लहान मोटारीचं एक बोट. अठरा विती लांब मोटार अठरा बोटांत आली. दीड वीत. एवढ्याशात सगळं बसवायचं होतं.

रॉकेलच्या डब्याचा पत्रा कातरला. मडगार्डचं वळण सपाट पत्र्याला येईना, तेव्हा बाभळीच्या ओंडक्यात खोलगा कोरून, त्यावर पत्रा धरून, लाकडी मोगरीने तो दोन दिवस नुसता थोपटत राहिला. जोर लावला की पत्रा फाटे, नाही लावला की वळत नसे. कल्हईवाल्याकडून कथील आणि नवसागर आणून डाख लावला. रेडिएटरची जाळी चहाच्या गाळणीची केली. टपाच्या कमानींना छत्रीच्या काड्या, टपाला त्याच्याच जुन्या ड्रायव्हरकीच्या खाकी पँटचं कापड. पुढची काच त्याने फोटोवाल्याकडून आणली. जुनी काचेची निगेटिव्ह होती, कुणातरी पगडीवाल्या गृहस्थाची. गरम पाण्यात ती घासताना आधी पगडी गेली, मग मिशा, शेवटी डोळे. काच स्वच्छ झाली तेव्हा तिच्यातून आरपार भुरी दिसली, चुलीपाशी बसलेली.

चाकांनी त्याला रडवलं. डॉजची चाकं लाकडी आऱ्यांची होती. एका चाकाला बारा आरे, मागे टांगलेलं जादा चाक धरून साठ. बांबूची कामटी काडीएवढी बारीक तासायची, मुळाशी जरा जाड ठेवायची. तिसऱ्या चाकात अकरा आरे बसले आणि बाराव्याला जागाच उरली नाही. त्याने ते चाक मोडलं आणि नव्याने सुरू केलं.

"कोन मोजनार हाय?" हंसाबाई म्हणाली.

"थे मोजतीन."

"ज्याले पानी म्हनजे काय समजत नाही, थो आरे मोजन?"

"पानी शब्द समजत नाही. पानी समजते."

 हंसाबाईने उठून पेटीतून आपला लग्नातला फेट्या, म्हणजे तो आरशांनी भरलेला घागरा, काढला आणि सुईच्या टोकाने त्यावरचे दोन गोल आरसे उसवले. "घे. दिवे कर," ती म्हणाली. "नाही तरी कुठं नाचाले जाऊन राह्यली मी?"

भुरीने तान्हेपणीची आपली काळी बांगडी दिली. तिचं स्टेअरिंग झालं. डोळ्यांत औषध टाकायच्या नळीचं रबरी टोक हॉर्नला लागलं. दाबलं की फुस्स व्हायचं. तिघं हसले. त्या घरात असं हसणं पुष्कळ दिवसांनी झालं होतं, आणि लखीरामला त्याची भीती वाटली. हे काम त्याला आवडायला लागलं होतं. दोन टायरांत हवा भरून द्यायला ट्रक उभा असे आणि तो मात्र दाराच्या आतल्या कडीचा वळसा बरोबर आला का ते पाहत असे. ज्या गाडीने त्याचं वाटोळं केलं तिला तो बोट-बोट करून पुन्हा जन्माला घालत होता, आणि ती दिवसेंदिवस सुंदर होत होती.

सगळं झाल्यावर हंसाबाईने ती हातात घेऊन फिरवून पाहिली. काळा रंग चकाकत होता.

"पोचा कुठं हाय?" तिने विचारलं.

"कोनता?"

"डाव्या मडगार्डचा. मोतीबाई लागली थ्याचा."

"थो तं मी ठोकून काढलता. तुरुंगातून आल्यावर. रंग देल्ला होता."

"तरी पाड. म्हाताऱ्याच्या बोटाले लागन तं आठवन."

ती बरोबर बोलत होती. लखीरामने मोगरी घेतली, मडगार्ड ओंडक्यावर टेकवलं. हात वर गेला आणि तिथेच राहिला. बावीस वर्षांत त्याने त्या मोटारीला कधी ओरखडा येऊ दिला नव्हता. आणि हा पोचा म्हणजे नुसता पोचा नव्हता, ते मोतीबाईचं कपाळ होतं. हातात मोगरी घेऊन ते आपणच पुन्हा पाडायचं? तीनदा त्याने हात उचलला. मग मोगरी खाली ठेवली.

"राहू दे," तो म्हणाला. "एवढी हुबेहूब हाय. थ्याईले आठवतेच."



श्रावण लागला. दुसरी मोटार घेऊन तो बंगल्यावर गेला तेव्हा कौसल्याबाई साहेबांना पेज भरवत होत्या. त्याने काही न बोलता मोटार पांघरुणावर ठेवली.

साहेबांनी आधी नुसतं पाहिलं. मग डावा हात पुढे आला. बोटं रेडिएटरवर गेली, दिव्यांवर गेली, काचेच्या मधल्या सांध्यावर थांबली. त्यांनी मागचं जादा चाक चाचपलं. मग अंगठ्याने हॉर्न दाबला. फुस्स. साहेबांच्या तोंडाच्या चांगल्या बाजूने एक आवाज निघाला. दोन वर्षांत त्या खोलीत न ऐकलेला. ते हसत होते. त्यांनी लखीरामकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं, पुन्हा लखीरामकडे पाहिलं, आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"ओळखली!" कौसल्याबाई म्हणाल्या. पेजेची वाटी त्यांच्या हातात तशीच कलली. "लखीराम, ओळखली रे त्यांनी!"

 घरी जाऊन लखीरामने हंसाबाईला दोन बाहुल्या करायला सांगितलं. चिंध्यांच्या, अंगठ्याएवढ्या. एकीला वकिलाचा काळा कोट, दुसरीला लखीरामची लाल पगडी. बाहुल्या झाल्या तेव्हा हंसाबाई म्हणाली, "एकदा आपन आपले करून पाहाव ना. थ्याईच्या पुढं ठेवून. काय करते थे समजन तरी."

"नाही."

"काहून नाही?"

"साक्षीदाराले आधी पढवत नाहीत." हे तो साहेबांकडूनच शिकला होता, कोर्टाबाहेर मोटारीत बसल्या बसल्या. "पढवलेली साक्ष धरमसिंग लगेच वळखन."

तीजेचा गहू पेरायला चार दिवस होते तेव्हा खेमसिंग नायक आणि धरमसिंग पांढरकवड्याला आले. दुपारची वेळ. दोघांनी वहाणा पायरीवर काढल्या. कौसल्याबाईंनी खुर्च्या दिल्या. खेमसिंग टेकला, धरमसिंग उभाच राहिला.

"काय विचारायचं आहे यांना?" बाईंनी लखीरामला हळूच विचारलं.

"एक जुनी गोष्ट बाईसाहेब. त्रास नाही देत."

"विचार. पण दमतात हं ते."

लखीरामने मोटार साहेबांच्या मांडीवर ठेवली. दोन्ही बाहुल्या शेजारी पांघरुणावर. साहेब ताजेतवाने होते, त्यांची दाढी नुकतीच केलेली होती. लखीराम पलंगापाशी उकिडवा बसला. शब्द आत जात नाहीत हे त्याला माहीत होतं, पण नायकाने ऐकायला हवं म्हणून तो मोठ्याने म्हणाला, "साहेब, मोतीबाई पडली तवा चाकावर कोन होतं? थ्याले बसवा."

साहेबांनी मोटारीवरून हात फिरवला. डाव्या मडगार्डवरून त्यांचं बोट गेलं आणि कुठेही न अडता पुढे निघून गेलं. मग त्यांना बाहुल्या दिसल्या. त्यांनी काळ्या कोटाची उचलली. डोळ्यांजवळ नेली. ती कोण आहे हे त्यांना समजलं, हे खोलीतल्या सगळ्यांना समजलं.

खेमसिंग पुढे वाकला.  काळा कोट मोटारीकडे निघाला, काचेपाशी आला, स्टेअरिंगच्या वर आला. तिथे साहेबांचा हात थांबला.

आणि तो तसाच मागे गेला. त्यांनी बाहुली मागच्या सीटवर डावीकडे ठेवली आणि अंगठ्याने नीट दाबून बसवली. मग लाल पगडी उचलली. तिला चाकामागे बसवणं एका हाताने जमेना, बाहुली कलंडे. साहेबांनी जिभेचं टोक ओठांत धरलं. पुन्हा बसवली, पुन्हा कलंडली.  शेवटी तिचे चिंध्यांचे दोन्ही हात त्यांनी बांगडीत अडकवले. ती बसली. साहेबांनी मान वर केली आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. झालं की नाही बरोबर?

"अगदी बरोबर!" कौसल्याबाई म्हणाल्या. "असेच बसायचे हे. मागे डावीकडे. आणि लखीराम पुढे. सगळं आठवतंय हो यांना!"

"साहेब, थ्या दिवशी," लखीराम म्हणाला. "रोजचं नाही म्हनत मी. थ्या एका दिवशी." त्याने हात घालून दोन्ही बाहुल्या काढल्या आणि काळा कोट चाकामागे ठेवला. "असं. असंच होतं ना?"

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी डोकं हलवलं, घशातून चिडका आवाज काढला आणि काळा कोट उचलून परत मागे नेला. चुकलेली गोष्ट सरळ करावी तसा. मग लाल पगडीसाठी हात पुढे केला आणि तो हात लखीरामपुढे पसरलेला राहिला. लखीरामने बाहुली दिली. दुसरं काय करणार?

बावीस वर्षं तो चाकामागे होता आणि चार मैल साहेब होते. त्याने बावीस वर्षांची मोटार केली होती. त्यात ते चार मैल कुठे ठेवायला जागाच नव्हती.

"बाईसाहेब," तो वळून म्हणाला, "तुमाले साहेबांनी कधी काही सांगतलं काय? मोतीबाईचं?"

कौसल्याबाईंनी आता कुठे पाहुण्यांकडे नीट पाहिलं. धरमसिंग कोण ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्या पदर सावरत म्हणाल्या, "सांगितलं होतं ना. त्याच दिवशी. लखीरामच्या हातून झालं म्हणाले. पण एक सांगते, त्यांनी त्याबद्दल तुला कधी वेडंवाकडं बोलू दिलं नाही कुणाला. चांगला माणूस आहे म्हणायचे. वकिलांचं मन मोठं होतं."

लखीरामने मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

धरमसिंग इतक्या वेळात पहिल्यांदाच पुढे आला आणि पलंगावर वाकला. त्याने मोटार हातात घेतली नाही, फक्त जवळून पाहिली. आरे पाहिले, दिव्यांतले आरसे पाहिले. मग डाव्या मडगार्डवर बोट टेकवलं. "इथं लागलतं ना?"

"हाव."

"इथं तं काहीच नाही."

"थे मी..." लखीराम म्हणाला. "मले नाही झालं थे."

धरमसिंग सरळ उभा राहिला. "लय बारीक काम केलं," तो म्हणाला. टोमणा होता का? लखीरामला वाटलं, नसावा. टोमणा असता तर बरं झालं असतं. "चाल नायक."

खेमसिंग काठी टेकत उठला. लखीरामच्या खांद्यापाशी थांबला. "मी तुले लबाड म्हनत नाही, लखीराम," तो तांड्याच्या भाषेत, गोरबोलीत म्हणाला, बाईंना कळू नये म्हणून. "पन नसाबीत मी काय सांगू? जे पाह्यलं थे सांगीन. दुसरं माह्यापाशी काय हाय?"

"नायक, भुरीची टोपली तरी..."

"थे एकट्या माह्या हाती असतं तं," खेमसिंग म्हणाला, आणि वाक्य पुरं न करता बाहेर गेला. 

लखीरामला त्यांच्या मागे जायचं होतं. फाटकापर्यंत, मग रस्त्याने, तांड्यापर्यंत, बोलत बोलत. अजून सांगण्यासारखं काहीतरी उरलं असेल, ते त्याला वाटेत सुचलं असतं. तो उठायला लागला तेवढ्यात साहेबांनी त्याची बाही धरली.

डाव्या हातात अजून पुष्कळ जोर होता. साहेबांनी मोटारीकडे बोट दाखवलं, मग लाल पगडीकडे, मग त्याच्याकडे. पांघरुणावर बोटाने एक लांब रेघ ओढली. पलंगाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"चालव म्हणतायत," कौसल्याबाई डोळे पुसत हसल्या. "चालव रे थोडी. किती दिवसांनी खुश आहेत."

लखीराम परत उकिडवा बसला. त्याने मोटारीच्या टपावर दोन बोटं ठेवली आणि ती पांघरुणावरून ढकलली. बांबूचे आरे फिरू लागले. उशाच्या कडेला पोचल्यावर त्याने ती वळवली. खिडकीबाहेर खेमसिंगच्या काठीचा आवाज फरशीवरून मुरमावर गेला. फाटक करकरलं. त्याने हात थांबवला तर साहेब लगेच कण्हायला लागले, म्हणून त्याने ती पुन्हा पुढे नेली. गुडघ्याच्या उंचवट्याला वळसा घालून, हळू, खड्डे चुकवत, मागे बसलेल्या माणसाला हिसका बसू नये अशी.